सहभागी क्रमांक एक्केचाळीस

"चौकीदारा, ती खुर्ची वाकडी आहे. परदेशातले पाहुणे येतायत, तुझ्या बिडीच्या मैफिलीला नाही आलेत," असं मावशीने फर्मावलं आणि तो हलायच्या आत स्वतःच खुर्ची सरळ केली. बावीस वर्षं या संशोधन केंद्राचा झाडू, चहा आणि किल्ल्या तिच्या हातात होत्या. विभागप्रमुख तीन बदलले, मावशी तीच राहिली.

प्रत्येक खुर्चीवर एकेक पुस्तिका ठेवायची होती. दीडशे पुस्तिका, गुळगुळीत कागद, वर पाच देशांचा नकाशा. आजच्या परिषदेत या पुस्तिकेचं प्रकाशन होतं. बायका आणि पुरुष यांच्या आयुष्यात कुठे काय फरक पडतो, याचा अभ्यास. पाच देश, सात विषयांचे विद्वान. कुणी कायद्याचा, कुणी हिशेबाचा, कुणी मनाचा डॉक्टर. तीन वर्षं हिंडून त्यांनी शोधून काढलं होतं की घरातली बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते. "मला विचारलं असतं तर चहा निवायच्या आत सांगितलं असतं," असं मावशी तेव्हा म्हणाली होती. विभागप्रमुख मोठ्या बाई खूप हसल्या होत्या आणि त्यांनी ते वहीत लिहूनही घेतलं होतं.

मग खरंच तिला विचारलं. मुलाखती घेणाऱ्या ताईने समोर छोटं यंत्र ठेवलं होतं. "नाव छापणार नाही मावशी, गावाचं नावही नाही. तुम्ही फक्त एक आकडा." मावशी क्रमांक एक्केचाळीस झाली.

आता हातात पुस्तिका आहेच, तर आपण छापल्यावर कशा दिसतो ते पाहावं म्हणून तिने पान उघडलं. तिसरीपर्यंतची शाळा, त्यामुळे अक्षराला अक्षर जोडत जायचं. चार ओळी झाल्या आणि तिचं बोट तिथेच थांबलं.

गावाचं नाव खरंच नव्हतं. बाकी सगळं होतं. "बंदराच्या गावात मासळी गोठवायच्या कारखान्यात लागलीय माझी लेक. शिंप्याच्या दुकानावर खोली घेतलीय. खिडकीतून दीपगृह दिसतं म्हणते. नवऱ्याने गाडीच्या पान्याने खांदा मोडला, त्या खांद्याने ती आता पेट्या उचलते." आणि त्याखाली, "मी स्वतः बसवलं तिला बसमध्ये. तिच्या भावालासुद्धा ठाऊक नाही. हे काम मी केलं, मी."

तो शेवटचा 'मी' वाचून तिला आपल्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

जावई याच केंद्राच्या गाडीवर ड्रायव्हर होता. तिनेच शोधलेला. याच फाटकात उभा राहून गोड बोलायचा, निर्व्यसनी, दहावी पास. तिने सगळ्या नातेवाइकांत मिरवला होता. अकरा महिन्यांपूर्वी लेक नाहीशी झाली तेव्हापासून तो रोज फाटकाशी विचारायचा, "सासूबाई, काही कळलं?" आणि मावशी म्हणायची, "माझ्यासाठी ती मेली." तोंडाला कुलूप म्हणजे कुलूप. उघडलं ते एकदाच. ताईने ठरलेल्या प्रश्नांतला सत्ताविसावा प्रश्न विचारला होता, जो पाचही देशांतल्या बायकांना विचारत होते: तुम्ही केलेली, पण कुणालाच सांगता न आलेली गोष्ट कोणती? मावशीला वाटलं, यंत्र आहे, माणूस थोडंच आहे. आणि इतक्या मोठ्या कामाचं कौतुक एका तरी कानाने ऐकायला नको?

हातातला गठ्ठा तसाच टाकून ती मोठ्या बाईंच्या खोलीत गेली.

"बाई, माझं पान काढा."

मोठ्या बाई भाषणाच्या कागदांवर खुणा करत होत्या. "काय झालं? सगळ्यात सुंदर पान आहे ते मावशी. पाहुण्यांनी मुद्दाम कौतुक केलंय."

"कौतुक राहू दे. जावई वाचेल."

"तुमचं नाव कुठे आहे त्यात?"

"नाव कशाला हवं? खांदा कुणी मोडला ते मोडणाऱ्याला ठाऊक नाही होय?"

मोठ्या बाईंचा पेन थांबला. बाई माणूस म्हणून वाईट नव्हत्या. त्यांचा चेहरा उतरला तो खराच उतरला. "आम्ही तपशील ठेवले, कारण तपशिलातच बाई दिसते. नाहीतर नुसते आकडे राहतात." मग हळू आवाजात म्हणाल्या, "छापून झालंय मावशी. चार देशांत प्रती पोचल्यात. ड्रायव्हर लोक असली पुस्तकं वाचतात का?"

"तुमच्या गाडीत दिवसभर बसून दुसरं काय करतो तो? जुना पेपर सापडला तर जाहिरातीसकट वाचतो."

"परिषद होऊ दे. संध्याकाळी बसून काहीतरी मार्ग काढू."

मावशी तिथून निघाली. संध्याकाळपर्यंत थांबायला तिच्याकडे वेळ कुठे होता?

सभागृहाचं दार आतून लावून तिने पहिल्या खुर्चीपासून सुरुवात केली. पुस्तिका उघडायची, पान मुठीत धरायचं, फर्रकन ओढायचं. कागद चांगला होता, सहज फाटत नव्हता. दुसऱ्या रांगेच्या मध्यावर बाजूच्या दारातून ताई आली आणि किंचाळलीच.

"मावशी! वेड लागलं का?"

"लागलं. तूच लावलंस."

ताईने खाली पडलेलं पान उचललं, वाचलं, मग उलटवलं. "अहो, मागच्या बाजूला क्रमांक बेचाळीस आहे. दुसऱ्या देशातली बाई. कोळशाच्या खाणीपाशी राहते. सहा तास चालून आली होती मुलाखतीला. जन्मात पहिल्यांदा बोलली म्हणे. तिचंही फाटतंय."

मावशीचा हात थांबला. तिने ते पान ताईकडून घेतलं. बेचाळीस नंबरचं लिहिणं तिला नीट लागेना. एक ओळ तेवढी लागली: मला लिहिता आलं असतं तर मी मुलाला सगळं लिहून ठेवलं असतं.

"माफ कर गं बाई," मावशी त्या पानाला म्हणाली आणि पुढची पुस्तिका उघडली.

"पण झालंय काय ते तरी सांगाल?"

"तुमचा ड्रायव्हर. तो माझा जावई. यातला खांदा, माझ्या लेकीचा, त्याने मोडलेला."

ताई मटकन खुर्चीवर बसली. तीन महिने ती त्याच्याच गाडीतून मुलाखतींना हिंडली होती. तो तिच्यासाठी दार उघडायचा, पाण्याची बाटली भरून ठेवायचा. पुढची पुस्तिका तिने घेतली आणि तीही फाडू लागली. दोघी रांगा वाटून घेऊन, मान वर न करता, शेतात निंदायला बसावं तशा पुढे सरकत गेल्या.

शेवटची रांग झाल्यावर मावशीने विचारलं, "आणखी कुठे आहेत?"

"पाहुण्यांच्या पिशव्यांत ठेवायला एक खोकं... काल दुपारीच गाडीत दिलं."

मावशी धावली. साठीची बाई, गुडघे रोज कुरकुरणारे, पण जिने कसे उतरली ते तिलाच कळलं नाही. फाटकापाशी गाडी उभी होती. पाहुणे उतरून आत गेले होते. जावई चालकाच्या जागेवर बसला होता. चष्मा लावलेला, मांडीवर पुस्तिका, ओळीवर बोट.

"या सासूबाई," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखाच, मऊ. "काय बोलता हो तुम्ही! अगदी छापण्यासारखं."

"ते माझं नाही. कुठल्या तरी बाईचं आहे."

"खिडकीतून दीपगृह दिसतं म्हणे. पंधरा वर्षं गाडी चालवतोय. दीपगृह, गोठवण्याचा कारखाना आणि वस्ती, असं एकत्र मला एकाच ठिकाणी आठवतं."

"खोटं सांगितलं मी. त्यांना चार शब्द हवे होते, मी चाळीस फेकले."

"मग घामाघूम का झालात?"

त्याने चष्मा काढून खिशात ठेवला आणि किल्ली फिरवली. मावशीने दाराची कडी धरली. "अरे, तुझी पोर आहे तिथे. चार वर्षांची आहे. तुझ्या पाया पडते. मला मार, पाहिजे तर इथे चौकात मार."

"तुम्हाला कशाला मारू? तुम्ही मोठी माणसं."

गाडी हलली. कडी सोडेना तशी ती चार पावलं बरोबर फरफटली, मग चौकीदाराने कमरेला धरून मागे खेचलं. "मावशी, चाकाखाली जाशील!" गाडी वळणावर दिसेनाशी झाली. बंदराचं गाव चार तासांवर होतं. घड्याळात दहा वाजले होते.

ताई म्हणाली, "पोलिसांना सांगू."

"मागच्या खेपेला त्यांनी त्याला खुर्ची दिली आणि लेकीला समजावून त्याच्याबरोबर घरी पाठवलं," मावशी म्हणाली. तरी ताई फोन घेऊन बाजूला गेली.

मावशीने लेकीला लावला. वाजत राहिला. कारखान्यात फोन बाहेरच्या कपाटात ठेवायला लावतात, साडेअकराला सुटी होते. म्हणजे दीड तास. दीड तास बाई काय करते? मावशीने चहा केला. पन्नास कप, मग आणखी पन्नास. हात सवयीने चालत होते. पाहुण्यांना कप देताना ती हसतही होती. आत पडद्यावर नकाशा होता, प्रत्येक बाईचा एक लाल ठिपका. फाटलेल्या पानांबद्दल कुणीतरी कुजबुजलं, तेव्हा ताई उभी राहून म्हणाली, "छपाईत चूक झाली." पण मोठ्या बाईंच्या भाषणात ते पान आधीच लिहिलेलं होतं. त्यांनी दाराकडे, मावशीकडे पाहिलं. कारखाना, शिंपी, दीपगृह सगळं गाळलं. उरलं ते वाचलं: "हे काम मी केलं, मी." टाळ्या बराच वेळ वाजल्या.

साडेअकराला मावशी भांडी घासायच्या मोरीत उभी होती.

"बोल आई. आज कसा काय दिवसा फोन?"

"निघ. आत्ता. ठकीला घे आणि निघ."

"त्याला कळलं?"

"हो."

"कसं? आई, कुणी सांगितलं?"

मावशीने नळ बंद केला. "मी."

लेक रडली नाही. ते मावशीला जास्त लागलं. "माझा पगार परवा होता," लेक एवढंच म्हणाली. "ठकीला आत्ताच कुठे मैत्रिणी मिळाल्या होत्या."

"शिव्या नंतर दे. अडीच तास आहेत, दोनच धर. खोलीवर जाऊ नकोस. पोरीला घे आणि जी गाडी पहिली दिसेल तिच्यात बस."

"कुठे जाऊ?"

"ते मला सांगू नकोस."

"आई..."

"ऐक. पोचलीस तरी सांगू नकोस. हा नंबर फेकून दे. माझ्या जिभेचा आता मलाच भरवसा नाही. ठकीला..." लेकीने फोन ठेवला.

मावशीने तोंडावर पाणी मारलं, ट्रे घेतला आणि सभागृहात गेली. प्रश्नोत्तरं चालू होती. पुढच्या रांगेतली एक म्हातारी पाहुणी उभी राहून तिच्या भाषेत काही बोलत होती. दुभाष्याने ते सांगितलं: त्या विचारतायत, क्रमांक एक्केचाळीसची लेक आता कुठे आहे? बरी आहे ना?

मोठ्या बाईंनी माइक हातात घेतला, परत ठेवला. शेवटी म्हणाल्या, "तेवढी माहिती आमच्याकडे नाही."

म्हातारी खाली बसली. मावशी तिच्यापाशी पोचली तेव्हा तिने हातातला रिकामा कप पुढे केला. मावशीने तो घेतला, ट्रेमधल्या दुसऱ्या कपात नीट बसवला आणि पुढच्या खुर्चीकडे वळली.