फलकावरचं मत

“चाचा, असं न्हाई. ‘मी लिहिलं ते खोटं होतं’ असं लिहा,” मोबाइल रोखून धरत रविराज म्हणाला. तो सरपंच अण्णासाहेबांचा पुतण्या.

लालमहंमदचा खडू थबकला. “मत खोटं कसं असेल, बाबा?”

“ते आमाला म्हाईत न्हाई. काकांनी असंच सांगितलंय.”

चाकणजवळच्या या गावात चौकातला काळा फलक तेवीस वर्षं लालमहंमदच लिहीत होता. सकाळी फलक, मग दिवसभर पाण्याच्या मोटारींची दुरुस्ती. ग्रामसभा, लसीकरण, कुणाचं निधन, सगळं त्याच्याच अक्षरात. गेल्या उन्हाळ्यात त्यानं लिहिलं, ‘टाकी बांधून दोन वर्षं झाली, नळाला पाणी नाही. माझ्या मते सरपंच पदाला लायक नाहीत.’ खाली ठसठशीत सही. गाव वाचून हसलं आणि टँकरच्या रांगेत जाऊन उभं राहिलं. अण्णासाहेबांना मात्र झोंबलं. त्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला.

“पहिलं वाक्य खरंय, दुसरं तुमचं मत,” वकील बुद्धभूषण म्हणाला होता. “पदावरच्या माणसाच्या कारभाराबद्दल प्रामाणिक मत मांडणं गुन्हा नाही. घटनेनं दिलेला हक्क आहे तो. आपण जिंकणार, चाचा.”

“कधी?”

वकिलानं चष्मा पुसला. “पाच-सहा वर्षं धरा.”

तेवढी वर्षं त्याच्या बायकोकडे, सलिमाकडे, नव्हती. दोन पायऱ्या चढली तरी तिला धाप लागायची. दोघांचा हजला नंबर लागला होता आणि खटल्यापायी लालमहंमदचा पासपोर्ट अडकला होता. फलकावर माफी लिही, खटला मागे घेतो, असा सरपंचांचा निरोप आला.

त्यानं ‘खोटं’ लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं, याचीच त्याला जास्त शरम वाटली.

खटला मिटला, पासपोर्ट आला. त्याच आठवड्यात शेजारचा भैरू गेला. लालमहंमदनं घरी जाऊन शेवटचं तोंड पाहिलं, मगच फलकावर लिहिलं, ‘अंत्यविधी दहा वाजता.’

साडेनऊला भैरूच्या दारात चतुराबाई आल्या. चाचरत त्याच्या बायकोला, रंभाला, म्हणाल्या, “फलकावर वाचलं गं. पन म्हनलं, इचारून घ्यावं... खरंच गेलं का?”

त्यांच्या मागून आलेल्या दोघांनीही तेच विचारलं. रंभानं पदराआडून मान हलवली.

तिथंच बसलेला लालमहंमद उठला. गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला आणि येणाऱ्या प्रत्येकाला, कुणी विचारायच्या आत, सांगू लागला, “होय, गेला. मी स्वतः पाहिलंय.”