अठ्ठेचाळिसावा खण

मित्रांनो, अंगावर मूळचे अठ्ठेचाळीस आणि मागून जोडलेले सहा खण असलेली, सागवानी, डाव्या पायाने किंचित लंगडी अशी कुणी तुम्हाला बेंगळुरूत भेटली, तर ती मीच. मी टपाल कचेरीतली जुनी मांडणी आहे. वयाने सत्तरी गाठली असली तरी माझी एकही फळी वाकलेली नाही, हे आधीच सांगून ठेवते. म्हातारं कुणी दिसलं की लोक लगेच कीव करू लागतात, ते माझ्या बाबतीत नको.

माझा जन्म इथल्याच, बेंगळुरूच्या शिवाजीनगरात, बसस्टँडामागच्या एका सुताराच्या दुकानात झाला. आडवे आठ खण आणि उभे सहा, अशी माझी ठेवण. तिथून मी जवळच्याच टपाल कचेरीत गेले. एकेका भागाला एकेक खण होता, आणि सगळ्यात खाली उजव्या कोपऱ्यातला अठ्ठेचाळिसावा खण होता पत्ता न लागणाऱ्या पत्रांचा. दिवसाला हजारो पत्रं माझ्या अंगाखांद्यावरून जात. त्या काळात माझा रुबाब काय वर्णावा! साहेबसुद्धा माझ्यासमोर उभे राहून बोलत.

पुढे बिंदुमाधव नोकरीला लागले. त्यांचं घराणं तीनशेहून अधिक वर्षं याच मुलखात रुजलेलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. छत्तीस वर्षं त्यांनी माझ्यासमोर उभं राहून पत्रं लावली. त्यांचा एक नेम होता. पत्र उलटून पाहिल्याशिवाय ते अठ्ठेचाळिसाव्या खणात टाकत नसत. पाठीमागे कुणी बारीक अक्षरात लिहिलेलं असे, ‘मारुतीच्या देवळाशेजारी, पिवळं दार’. तेवढ्यावर पत्र घरी पोचायचं. बाकीचे त्यांच्या या चिकाटीला हसत, पण त्यांच्या पाळीला तो खण जवळजवळ रिकामा असे.

मग पत्रं कमी झाली, कचेरीत यंत्र आलं आणि माझी रवानगी गुजरीत, म्हणजे जुन्या सामानाच्या दुकानात झाली. दोन वर्षं मी एका फुटक्या बेसिनशेजारी काढली. त्या दिवसांबद्दल मला फारसं बोलायचं नाही.

तिथून मला सोडवलं ते बिंदुमाधवांनीच. निवृत्त झाल्यावर घरी करमेना, म्हणून ते एचएसआर लेआउटमधल्या एका संस्थेत सामानसुमान सांभाळायला लागले होते. मनाच्या आजारातून उठणाऱ्या माणसांसाठी ती संस्था काम करते. तिथल्या प्रमुख निवेदिता मॅडम मूळच्या पुण्याच्या. त्यांना शेकडो कार्डं नीट लावायला काहीतरी हवं होतं. बिंदुमाधव म्हणाले, “स्वल्प थांबा अक्का, माझ्या ओळखीची एक आहे.” ओळखीची म्हणजे मी! ऐकून माझी धूळसुद्धा शहारली.

आता निवेदिता मॅडमचं काम काय, ते सांगते. माणूस मनाने आणि चारचौघांत कसा वावरतो, याचं त्यांना पायरीपायरीने वर्गीकरण करायचं होतं. आधी एकेका कार्डावर माणसाची एकेक गोष्ट लिहिली गेली. ‘रात्री झोप लागते.’ ‘शेजारणीकडे विरजण मागता येतं.’ ‘राग आला तर थोड्या वेळाने उतरतो.’ ‘रिक्षावाल्याशी भाडं ठरवता येतं.’ अशी सहाशे कार्डं झाली. मग माझ्या वरच्या ओळीत आठ मोठ्या गटांच्या चिठ्ठ्या लागल्या. विचार, भावना, आठवण, संवाद, स्वतःची निगा, घरकाम, नोकरीधंदा आणि समाज. प्रत्येकाखाली त्याचे पोटगट. संवादाच्या खाली बोलणं, गप्पा, नाती असं उतरत जायचं. एक कार्ड आणि एकच खण, असा मॅडमचा दंडक होता. वर्षभर रोज वाद झाले, चिठ्ठ्या उपटल्या, पुन्हा लागल्या. पत्रांपेक्षा माणसं लावायला अवघड, हे मी तेव्हा शिकले, आणि खरं सांगते, मला ते काम फार आवडलं.

मॅडम हे सगळं कशासाठी करत होत्या? कुणाला घरी ठेवून मदत द्यायची आणि कुणाला दूरच्या निवासी केंद्रात पाठवायचं, हे आजवर ज्याची ओळख मोठी त्याच्या सोयीने ठरे. मॅडमना ते खपत नव्हतं. सगळ्यांना एकच माप लागावं, म्हणून त्या जिवाचं रान करत होत्या. माणूस म्हणून सोन्यासारखी बाई, पण स्वतःच्या मापावर तिचा जरा जास्तच भरवसा होता.

वर्गीकरण तयार झालं आणि चाळीस माणसांवर त्याची चाचणी घ्यायचं ठरलं. यशोवर्धन नावाचा तरुण संशोधक घरोघर जाऊन आला. प्रत्येक माणसाचं एक कार्ड. वेळ वाचावा म्हणून नियम असा, की वरची पायरी नसेल तर खालचे प्रश्न विचारायचे नाहीत, सरळ ‘नाही’ लिहायचं. ज्याच्या कार्डावर ‘नाही’ फार झाले, त्याचं कार्ड माझ्या अठ्ठेचाळिसाव्या खणात. त्या खणाला मॅडमनी नवी चिठ्ठी लावली होती, ‘निवासी केंद्र’. नऊ कार्डं त्यात पडली. टपालातसुद्धा बिंदुमाधवांच्या पाळीला एका दिवसात इतकी पडत नसत, म्हणून मला ते खटकलं होतं. पण मांडणीला कोण विचारतं?

आठ दिवसांनी शहराबाहेरच्या आनेकल गावाहून दिव्यश्री नावाची बाई आली. कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करणारी, तिशीची. तिचा मोठा भाऊ देवव्रत दहा वर्षांपासून बोलत नव्हता. आईवडील गेलेले, घरात ही दोघंच. त्याला निवासी केंद्रात पाठवावं असा कागद तिच्या हाती पडला होता. केंद्र इतकं लांब, की महिन्यातून एकदाच भेटता आलं असतं. कारखान्यातली रजा टाकून ती दोन बस बदलून आली होती.

“मॅडम, माझ्या अण्णाला पाठवू नका,” ती म्हणाली. “मी कामावर जाते म्हणून तो एकटा असतो, सरी, खरं आहे ते. पण तो माझा आहे.”

“दिव्यश्री, मला कळतंय,” निवेदिता मॅडम म्हणाल्या. “पण हे माझ्या मनावर नाहीये. सगळ्यांना सेम क्रायटेरिया लावलाय. तुमच्यासाठी बदलला तर बाकीच्यांवर अन्याय होईल. देवव्रत कुणाशी कनेक्टच होत नाहीत, त्यांचा पूर्ण संवादाचा गट रिकामा आलाय.”

दिव्यश्रीला ते सगळं समजलं की नाही, कोण जाणे. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या सगळ्या खणांवरून नजर फिरवली आणि हळूच विचारलं, “यातल्या कुठल्या पेटीत आहे माझा अण्णा?” सत्तर वर्षांत मला स्वतःची लाज वाटली ती तेव्हा.

बिंदुमाधव चहाचे कप घेऊन आत आले होते. त्यांनी ट्रे खाली ठेवला, वाकून माझ्या शेवटच्या खणातून देवव्रतचं कार्ड काढलं आणि सवयीने उलटलं. हाताला लागलेली सवय ती, निवृत्त थोडीच होते!

“अक्का, याच्या पाठीमागे लिहिलंय की.”

“मागे?” मॅडमनी कार्ड घेतलं. यशोवर्धनचं बारीक, पेन्सिलीतलं अक्षर होतं. त्या मोठ्याने वाचू लागल्या. ‘रोज संध्याकाळी सव्वासहाला आनेकल स्टँडवर उभा असतो. हातात छत्री, ऊन असो वा पाऊस. बहिणीची बस आली की तिची पिशवी घेतो आणि पुढे चालतो. एकदा तिची बस चुकली, ती रात्री दहाला आली. तो तिथेच होता. जेवला नव्हता.’

मॅडमनी ते कार्ड कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेल्या यशोवर्धनपुढे धरलं. “यशोवर्धन, हे पुढच्या बाजूला का नाही लिहिलं?”

“मॅम, बोलतात का, याला ‘नाही’ आलं,” तो गडबडून म्हणाला. “मग खालचं नात्यांचं विचारायचंच नव्हतं. त्या सांगत होत्या, राहवलं नाही, म्हणून मागे लिहून घेतलं.”

चहावर साय धरली. मॅडम माझ्याजवळ आल्या आणि संवादाच्या खाली, चौथ्या पायरीवर लावलेल्या ‘नाती’ या चिठ्ठीकडे बघत राहिल्या. न बोलणाऱ्या माणसाला नाती नसतात, असं त्यांनी आपल्याच हाताने तिथे लिहून ठेवलं होतं. हुशार माणसांची चूकसुद्धा किती नीटनेटकी असते! त्यांनी ती चिठ्ठी उपटली आणि वरच्या ओळीत, संवादाच्या शेजारी, बरोबरीने लावली.

“माझं चुकलं, दिव्यश्री,” त्या म्हणाल्या. “तुमच्यासाठी नाही, सगळ्यांसाठीच बदलते.”

वरच्या ओळीत नववा गट बसवायला माझ्यात जागा नव्हती. बिंदुमाधवांनी बाजूला एक फळी ठोकून सहा खण वाढवले. ती फळी अजूनही थोडी तिरपी आहे, पण मला ती दागिन्यासारखी वाटते. वरची पायरी नाही म्हणून खालची विचारायची नाही, हा नियमही गेला. यशोवर्धन पुन्हा चाळीस घरं फिरला. अहवाल दोन महिने लांबला, मॅडमना वरिष्ठांची बोलणी खावी लागली, ती त्यांनी मुकाट्याने खाल्ली. शेवटी अठ्ठेचाळिसाव्या खणात नवांपैकी दोनच कार्डं उरली. त्या दोघांना खरोखरच केंद्राची गरज होती, आणि मॅडम स्वतः त्यांना सोडायला गेल्या. देवव्रत घरीच राहिला.

पुढे ते वर्गीकरण संगणकात गेलं, आणि मला व्हरांड्यात उभं केलं. एका पावसाळ्यात माझ्या पायाला वाळवीही लागली. लंगडेपण तेव्हाचं. पण मी रडले नाही, कारण बिंदुमाधव आहेत तोवर मला चिंता नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यांनी पाय बदलला, तो केसभर आखूड पडला, पण त्यांनी पॉलिश केलं आणि मला संस्थेच्या खालच्या मजल्यावर, दिवसभराच्या केंद्रात नेऊन उभं केलं. आता माझ्या खणांवर गट नाहीत, माणसांची नावं आहेत. सकाळी येणारी माणसं आपापले डबे, कंगवे, चपला माझ्यात ठेवतात.

मित्रांनो, मला तेल-पाणी करा, ओल्या भिंतीला टेकवू नका, एवढं तर मी मागतेच. पण त्याहून मोठं मागणं असं, की तुमच्या शाळेच्या वर्गात कुणाला ‘मुखदुर्बळ’ किंवा ‘एकलकोंडा’ म्हणून एखाद्या खणात टाकायची वेळ आली, तर आधी त्याचं कार्ड उलटून पाहा. पाठीमागे कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं असतं.

देवव्रतही आता रोज सकाळी या केंद्रात येतो, आणि अठ्ठेचाळिसावा खण त्याचा आहे. त्याने तो स्वतः निवडला. त्यात तो आपली छत्री ठेवतो. ती मावत नाही, वीतभर बाहेर राहते, आणि येणारा-जाणारा तिला धडकतो. पाच वाजले की तो ती ओढून काढतो आणि बस धरायला निघतो, कारण सव्वासहाला त्याला आनेकलला पोचायचं असतं.