कुंपणाकडचा पाचवा खड्डा

लिलीपिली: जांभळाच्या नात्यातलं झाड. बारमाही हिरवं.

लाकडी कुंपणाच्या एका अंगाला फळ्या सपाट दिसतात, दुसऱ्या अंगाला त्यांना धरणाऱ्या आडव्या पट्ट्या. सपाट अंग ज्याच्या वाट्याला येतं तो नशिबाचा.

मर्लची निळी लोकरीची टोपी.

मागच्या दाराशी पुरुषाचे बूट. दोन वर्षं तिथंच.

भांडी घासायच्या जागेसमोरच्या खिडकीपासून कुंपण सतरा पावलं.

*

"काय झाकायचंय?" बॅलरॅट गावातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला नर्सरीवाला व्हिन्स हेच विचारतो. कुणी शेजारचा पोहण्याचा तलाव सांगतं, कुणी मोडकी गाडी.

"कचऱ्याचे डबे," ग्लेनिस म्हणाली.

व्हिन्सनं मग किती उंच, किती लवकर, ऊन किती, हे सगळं विचारून घेतलं. ऑर्नामेंटल पेअर, म्हणजे शोभेची नासपती, झटकन वाढेल, पण हिवाळ्यात सगळी पानं गाळून बसेल. सायप्रस एकदा आतून सुकला की पुन्हा फुटत नाही. लिलीपिली लावा, मीटरमीटरवर सात. पहिले दोन हिवाळे गोणपाट घाला, नाहीतर गोठलेलं दहिवर जाळेल.

"तीन वर्षांत तुमचे डबे दिसेनासे होतील."

तीन वर्षं. ग्लेनिसला उद्यापासून हवं होतं.

*

झाकायचं होतं ते मर्लला. पस्तीस वर्षांची शेजारीण, कुंपणावर हनुवटी टेकून बोलणारी. आता तिची आठवण फाटली होती. रोज सकाळी ती निळी टोपी घालून कुंपणावर यायची आणि ग्लेनिसच्या नवऱ्याची चौकशी करायची. रॉस दोन वर्षांपूर्वी गेला, हे ग्लेनिस दोरीवर कपडे वाळत घालता घालता लांबूनच सांगायची. मर्ल पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हुंदके देऊन रडायची. दुपारपर्यंत विसरायची. ग्लेनिसला विसरता येत नव्हतं. तिचा नवरा रोज सकाळी नव्यानं मरत होता.

झाडांचं क्लिफनंच सुचवलं होतं, मर्लच्या नवऱ्यानं. तो फाटकाशी आला आणि बराच वेळ बोटांतली किल्ली फिरवत राहिला.

"लाव तू झाडं, ग्लेन. मला राग नाही यायचा." मग जुनाच टोमणा मारून त्यानं वेळ निभावली. "नाहीतरी सपाट बाजू तुम्हीच ढापलीत."

*

शनिवारी ग्लेनिसनं दोरी बांधून सात खड्डे खणले. चौथं रोप लावून होतंय तोच कुंपणावर निळी टोपी आली.

"काय लावतेस गं?"

"लिलीपिली."

"शेंडे खुडत जा. नाहीतर वर जाईल आणि खाली उघडीनागडी राहील." मर्लच्या आवाजाला जुनी धार होती, अख्ख्या गल्लीला बागकाम तिनंच शिकवलेलं. तिनं दोरीवरून नजर फिरवली आणि समोरच्या पाचव्या खड्ड्याकडे बोट केलं. "इथं नको."

"का?"

"का म्हणजे? इथं मी उभी राहते."

ग्लेनिसनं त्या खड्ड्यात माती परत ओढली आणि पायानं दाबली. सहाव्यात रोप लावलं, सातव्यात लावलं. सात खड्ड्यांत सहा झाडं झाली. उरलेलं रोप तिनं पत्रपेटीजवळ नेऊन ठेवलं.

परत आली तरी मर्ल तिथंच होती.

"आणि रॉस कुठंय? तुला एकटीला खणायला लावून?"

आज वाळत घालायला कपडे नव्हते. ग्लेनिस दोन झाडांच्या मधून कुंपणाला जाऊन भिडली. हातमोजे काढले. फळ्यांवरचे मर्लचे दोन्ही हात तिनं आपल्या हातांत घेतले, आणि मग सांगितलं.

मर्ल रडली. या खेपेला ग्लेनिसही रडली. पलीकडे क्लिफ दारात येऊन उभा राहिला आणि आत गेला.

*

कुंपण बांधायच्या दिवशी आडव्या पट्ट्या मर्लच्या बाजूला घ्यायला रॉसला ग्लेनिसनंच सांगितलं होतं. मर्ल बुटकी होती, तिला पाय ठेवून वर चढता यावं म्हणून.