जिभेला मारलेली गाठ

सोयरीक जमवायची म्हटलं की आपल्याकडं पत्रिकेच्या आधी चौकशी फिरते. मुलीच्या गावच्या दुकानदाराला विचारा, शाळेतल्या मास्तरांना विचारा, शेजारणीच्या भावजयीला विचारा. मुलगी तापट आहे का, कामाला कशी आहे, कधी दवाखाना लागला होता का? साऱ्या गावाला विचारून होतं, विचारायची राहते ती एकटी मुलगी!

टेंभुर्णीच्या मच्छिंद्रनं अशा पंधरा-वीस सोयरिकींची चौकशी केली होती आणि त्यात त्याला कधी काही वावगं दिसलं नव्हतं. चौकशी म्हणजे आपल्या माणसाचं भलं, एवढंच तो धरून चालायचा. पण यंदा हरभरा काढणीला आला आणि अशीच एक चौकशी त्याच्याच उंबऱ्यावर येऊन उभी राहिली.

त्याची धाकटी लेक आकांक्षा जालन्यात मानसशास्त्रज्ञ होती. गावानं आधी तिला 'येड्यांची डाक्टरीण' म्हणून बघितलं. मच्छिंद्र पारावर बसून एकेकाला समजावायचा, "येड्यांची न्हाई बाबा, दुखऱ्या मनाची. पाय मुरगळला तर लेप लावता ना? मन मुरगळलं तर कुठं जाणार?" जालन्याला गेला की तो लेकीच्या जिन्यासमोर, रस्त्याच्या पल्याड उभा राहायचा आणि पाटी वाचायचा. पाटीवर तिच्या नावापुढं त्याचं नाव होतं. खाली नोंदणी क्रमांक होता. ट्रॅक्टरचा नंबर सांगावा तसा तो क्रमांक त्याला तोंडपाठ होता. तो कशासाठी असतो, हे मात्र त्यानं कधी विचारलं नव्हतं.

एका सकाळी चौकातल्या चहाच्या टपरीवर भागवतनं त्याला बाजूला घेतलं. भागवत त्याचा लंगोटीयार. एसटीच्या संपात आकांक्षाची परीक्षा बुडायची वेळ आली, तेव्हा तिला मोटारसायकलवर बसवून थेट संभाजीनगरपर्यंत नेणारा हाच.

"मच्छिंद्रा, हरिओमसाठी धावड्याची पोरगी बघून राह्यलो. तृप्ती नाव. घर चांगलं, पोरगी बी चांगली. पण माझ्या मेव्हण्यानं तिला तुझ्या लेकीच्या जिन्यावरून उतरताना पाह्यली म्हणतो."

"मंग?"

"मंग काय? कशाला गेल्ती, तेवढं इचार. पोराच्या जिंदगीचा सवाल हाय."

"हात्तिच्या! एवढंच ना? माझी लेक हाय ती. उद्याच जातो. तुझं काम झालं म्हणून समज."

त्यानं शब्द दिला. चहा पिणाऱ्या चार जणांनी तो ऐकला.

दुसऱ्या दिवशी मोसंबीची पिशवी घेऊन मच्छिंद्र जिना चढला. खोली लहान, पण बघितली की जीव निवावा अशी. दोन खुर्च्या, खिडकीत तुळस आणि कोपऱ्यात कुलूप लावलेलं लोखंडी कपाट. आकांक्षानं पाणी दिलं. त्यानं ते प्यायच्या आधी दार लोटून घेतलं.

"आकांक्षा, धावड्याची तृप्ती तुझ्याकडं येती का गं?"

लेकीच्या चेहऱ्यावर एक रेघसुद्धा हलली नाही.

"आबा, माझ्याकडं कोण येतं नि कोण येत नाही, हे मी सांगत नसते."

"म्हंजे आली आसंल."

"आली असेल तरी हेच उत्तर, नसेल आली तरी हेच. उत्तर बदललं की माणूस ओळखू येतो ना आबा."

"बापाला बी न्हाई सांगणार?"

"आईला नाही, तुम्हाला नाही, उद्या माझं लग्न झालं तर नवऱ्यालाही नाही."

मच्छिंद्र हसला. लेक थट्टा करतेय असं त्याला वाटलं. मग त्यानं तिच्या डोळ्यांकडं बघितलं आणि हसू आवरलं.

"बाहेर पाटीवर तो नंबर आहे ना, तुम्ही पाठ केलेला?" ती म्हणाली. "तो मिरवायला नाही दिलेला. त्या नंबराबरोबर माझ्या गळ्यात जबाबदारी घातलीय. समोरच्यानं विश्वासानं सांगितलेलं बाहेर फोडायचं नाही, असा कायदा आहे. मी फोडलं तर माझी नोंदणी जाऊ शकते आणि जायलाच पाहिजे. कुणाच्या जिवाला धोका असेल, कोर्टानं मागितलं असेल किंवा त्या माणसानं स्वतः परवानगी दिली असेल, तरच बोलायचं. तेही लागेल तेवढंच आणि ज्याला सांगायला पाहिजे त्यालाच."

"कायदा कोर्टातल्या लोकांसाठी. हितं बाप नि लेक हायेत."

"कायदा नसता तरी सांगितलं नसतं, आबा."

मच्छिंद्रचा आवाज चढला. "भागवतनं तुला परीक्षेला नेली, ते इसरली? भर उन्हात, जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर? त्याचे उपकार असे फेडती व्हय?"

आकांक्षाचे डोळे भरले, पण आवाज हलला नाही. "काकांचे उपकार माझ्या डोक्यावर आहेत. त्यांना काय लागेल ते मी करीन. पण फेडायचं ते माझ्याजवळचं देऊन. दुसऱ्याच्या मनातलं माझं नाही, ते मी कसं देऊ? हरिओमला म्हणावं, मुलीला काय विचारायचं ते मुलीलाच विचार. आणि त्याआधी आपलं सांग."

"माझा शब्द मातीत घातला तू!"

चहा आलेला तसाच ठेवून मच्छिंद्र जिना उतरला. त्या दिवशी त्यानं पाटीकडं बघितलंही नाही.

गावात परतला तरी त्याचे पाय चौकाकडं वळेनात. भागवतला काय सांगायचं? तो थेट झुंबरबाईच्या ओसरीवर गेला. झुंबरबाई म्हणजे गावची जुनी सुईण. दवाखाना जवळ आला तशी तिची कामं थांबली, पण अर्धं गाव तिच्याच हातावर पहिलं रडलेलं. वय ऐंशीच्या पुढं, पाठ वाकलेली. पुढ्यात चिंचांचा ढीग घेऊन ती एकेक चिंच फोडत बसली होती आणि तोंडानं गुणगुणत होती,

नाळेला मारली गाठ, जिभेला दुसरी,
लेकुरवाळीचं गुज, सुईन इसरी…

"ये लेका. त्वांड का असं आंबल्यावानी? चिंचा मी फोडून राह्यले, खाल्ल्या तू व्हय?"

मच्छिंद्रनं सगळं सांगितलं. भागवतला दिलेला शब्द, लेकीचा नकार, चार माणसांत होणारी फजिती. शेवटी म्हणाला, "एवढी शिकवली मावशी, आन् बापाचा शब्द राखना. एक हो का न्हाई, एवढंच सांगायचं व्हतं."

झुंबरबाईचे हात थांबले.

"मच्छिंदर, तुझ्या ह्या लेकीच्या जलमाची दुपार ध्यानात हाय का?"

मच्छिंद्रनं मान खाली घातली.

"तू उंबऱ्यात हुबा. आत तुळजा बाळतीन, गळाठलेली. मी म्हणलं, मच्छिंदर, दुसरी बी लेकच झाली. तवा तू काय म्हणला?"

"मावशी…" त्यानं इकडंतिकडं बघितलं. "मावशी, हळू बोल."

"बघ! आता कसं हळू म्हणतो!"

ते वाक्य इथं लिहायचं नाही. नुकत्याच जन्मलेल्या लेकीबद्दल कुठल्याही बापानं बोलू नये असं ते होतं, एवढंच पुरे. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा पोरगा, मुलाची वाट बघून कातावलेला. एका श्वासात बोलून गेला होता आणि त्यानंतर आजतागायत ते वाक्य त्यानं स्वतःशीसुद्धा पुन्हा उच्चारलं नव्हतं.

"सत्तावीस वरसं झाली," झुंबरबाई म्हणाली. "तुळजाला सांगितलं म्या? तुझी माय मला खोदून खोदून इचारायची, मच्छिंदर काय म्हणला गं? मी म्हणायचे, काय म्हणंल, गूळ वाटा म्हणला. तुझ्या लेकीला सांगितलं? ती तर मला बघून आजी आजी करत गळ्यात पडती."

मच्छिंद्रनं ढिगातली एक चिंच उचलली आणि पुन्हा ठेवली.

"का न्हाई सांगितलं, ठावं हाय? वाईट घडीतला शब्द म्हंजे सगळा मानूस न्हाई लेका. तिसऱ्याच दिशी तूच पोरीला मांडीवर घेऊन बसला व्हता, ते बी म्या पाह्यलं. म्या ते वाक्य फोडलं आस्तं, तर गावानं तुला जलमभर तेवढ्याच वाक्यानं मोजलं आस्तं. आन् तुझी लेक? तिनं तुझं नाव पाटीवर लावलं आस्तं का?"

मच्छिंद्रनं उपरण्यात तोंड लपवलं.

"मला कुनी कायदा शिकवला न्हाई. नंबर न्हाई, पाटी न्हाई. पण बाई बाळत व्हती तवा तिचं आंग बी उघडं आस्तं आन् मन बी. आपल्या पुढं जे उघडं पडलं, ते आपनच झाकायचं. चाळीस वरसं झाकलं. तोंड उघडलं ते एकदाच. एका सुनेला सासरच्यानं कोंडून घातली व्हती, उपाशी. जीव जायची येळ आल्ती. तवा मीच गेल्ते पोलीस पाटलाकडं. जीव वाचवायचा आसंल तर गाठ सोडायची. चौकशीच्या चवीसाठी न्हाई!"

तिनं एक चिंच फोडून त्याच्या हातावर ठेवली.

"तुझ्या लेकीनं बापाचा शब्द मातीत घातला न्हाई. बापाला मोठा केला. माझ्यामागं ही गाठ कोन मारील, असं वाटायचं मला. तुझ्याच घरात निघाली ती!"

मच्छिंद्र उठला. ओसरीच्या पायऱ्या उतरताना त्याचे डोळे ओले होते, पण छाती भरून आली होती. जिना उतरताना मातीत गेलेली मान झुंबरबाईच्या अंगणातून वर आली!

तो तडक चौकात गेला. भागवत टपरीवरच होता. कालचे चार जणही होते.

"काय मंग? काढलं का लेकीच्या पोटातलं?"

"न्हाई," मच्छिंद्र सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तिनं सांगितलं न्हाई, आन् मी पुन्यांदा इचारणार न्हाई. भागवत, मी तुला शब्द दिला ती चूक माझी. जे माझं नव्हतं ते द्यायला निघाल्तो."

"वा रे वा! लेक शिकली आन् बापाला इसरली म्हण की!" कुणीतरी फिसकन हसलं.

"बाप इमान शिकवायला इसरला व्हता. लेक शिकून आली! आरं, सख्ख्या बापाला जी सांगत न्हाई, ती तुझ्या-माझ्या घरचं गाऱ्हाणं कुणाला सांगंल का? बिलकुल न्हाई! भागवत, हरिओमला धावड्याला पाठव. पोरीला काय इचारायचं ते पोरीलाच इचारू दे, आन् आधी सोताचं सांगू दे."

भागवत अर्धा चहा टाकून उठला. पुढं पंधरा दिवस त्यानं मच्छिंद्रला रामराम केला नाही. समोरून आला तर रस्ता बदलायचा. लहानपणापासूनचा यार असा तुटताना मच्छिंद्रला घास गोड लागेना. तरी त्यानं लेकीला एकदाही फोन करून पुन्हा विचारलं नाही. फोन केला तो एवढंच सांगायला, "त्या दिवशीचा चहा राह्यला, पोरी. येतो प्यायला."

पलीकडं आकांक्षा हसली. मग म्हणाली, "या आबा. साखर जास्त टाकून ठेवते."

हरिओम मात्र धावड्याला गेला. तो आणि तृप्ती तिच्या घरच्या ओसरीवर, सगळ्यांच्या नजरेसमोर पण सगळ्यांच्या कानांआड, तासभर बोलत बसले. काय बोलले ते त्यांचं त्यांना ठाऊक. परतल्यावर पोरगा बापाला एवढंच म्हणाला, "मला पसंत हाय. तिला बी मी पसंत हाय. बाकी काही इचारू नका." लग्न वैशाखात धरलं. तृप्ती त्या जिन्यावर कशाला गेली होती, मुळात गेली होती का, तुम्हाला वाटत असेल शेवटी कळेल. नाही कळणार!

एका दुपारी भागवत मच्छिंद्रच्या मोसंबीच्या बागेत आला. बांधावर बसला. गवताच्या काड्या उपटत राहिला.

"मच्छिंद्रा, खरंच तिनं तुला बी न्हाई सांगितलं?"

"न्हाई."

"म्हंजे कुणी काही बोललं, तर ते तिथंच राह्यतं? बराबर?"

"तिथंच."

भागवतनं हातातली काडी मोडली. "मला बी कधीचं एक…"

"मला सांगू नको," मच्छिंद्र हळूच म्हणाला. त्यानं याराच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्या जालन्याला जाऊ."

आकांक्षानं दोघांना चहा दिला, जास्त साखरेचा. मग ती म्हणाली, "काका, तुमचं मी नाही ऐकू शकत. तुम्ही मला घरच्यासारखे. आपल्या माणसाचं ऐकताना आमचेही कान एका बाजूला कलतात, म्हणून घरच्यांवर आम्ही उपचार करत नाही. शरयूताई माझ्यापेक्षा जाणत्या आहेत, पलीकडच्याच गल्लीत बसतात. मी त्यांची वेळ घेते. तुम्ही त्यांच्याशी काय बोललात, हे मीही त्यांना विचारणार नाही."

मच्छिंद्र शरयूताईंच्या दाराबाहेर बाकावर बसून राहिला. तासाभरानं भागवत बाहेर आला. डोळे लाल, पण चेहरा पावसानंतरच्या शेतासारखा.

"चल, भूक लागली," तो म्हणाला.

मच्छिंद्रची जीभ वळवळली. आयुष्यभराची सवय! त्यानं ती दातांखाली धरली आणि म्हणाला, "चल. भजी खाऊ."

संध्याकाळी घरी तुळजाबाईनं विचारलंच, "भागवतभाऊजी कशाला गेल्ते म्हणं जालन्याला?"

"त्यांचं त्यांना ठावं."

तुळजाबाई भाकरी थापायची थांबली. ह्या माणसाच्या पोटात तीस वर्षांत एक गोष्ट टिकली नव्हती! तिला काय ठाऊक, एक टिकली होती, आकांक्षाच्या जन्माच्या दुपारची. ती मात्र त्याचीच होती. आज ना उद्या, चुलीपुढं बसून, आपल्याच तोंडानं तो ती तिला सांगणार होता. ज्याची गोष्ट, त्यानंच उघडायची.

वाचकहो, मन हलकं करायला कुणी एखादा जिना चढत असेल, तर त्याच्या पावलांची मोजदाद आपण करू नये. आणि जो ऐकायला बसलाय त्याच्या तोंडाला कुलूप दिसलं, तर त्याला शिष्ट म्हणू नये. त्या कुलपाच्या भरवशावरच उद्या आपण तिथं जाणार आहोत. पुढच्या वेळी मच्छिंद्र जालन्याला गेला तेव्हा रस्त्याच्या पल्याड उभा राहून त्यानं पाटी पुन्हा वाचली. लेकीचं नाव, आपलं नाव, खालचा क्रमांक. यंदा तो क्रमांक कशासाठी असतो हे त्याला ठाऊक होतं. येणाऱ्या-जाणाऱ्यांची पर्वा न करता त्यानं आपल्या लेकीच्या पाटीला हात जोडले!