सरकलेला तळ

मित्रांनो, मी एक जुना प्रवाहमापक आहे. तुम्ही माझी हकिकत शेवटपर्यंत ऐकाल याची मला खात्री वाटत नाही, तरी सांगतो. संशय घेणे हा माझा स्वभावच आहे.

माझे रूप साधे आहे. वीतभर उंचीचे जाडजूड पांढरे नळकांडे आणि खालच्या अंगाला चार गोल तबकड्या. मला नावेच्या कडेला बांधून पाण्यात बुडवत. तुम्हाला ऐकू येणार नाही इतका बारीक आवाज मी खाली सोडत असे. वाहत्या गाळाच्या कणांवर आपटून तो परत येई, तेव्हा त्याची पट्टी किंचित बदललेली असे. त्यावरून कोणत्या खोलीवर पाणी किती वेगाने धावते आहे, ते मी ओळखत असे. नाव एका काठाहून दुसऱ्या काठाला पोचली, की सेकंदाला किती घनमीटर पाणी वाहते त्याचा आकडा संगणकावर उमटे.

आमच्या अभियंता बाई मला स्वतःच्या हाताने पुसत आणि कौतुकाने 'आमचे शहाणे' म्हणत. एवढे लाड कोणी फुकट करत नाही, असे मला वाटे. नावाड्यावर तर माझी सतत नजर असे. हा नाव मुद्दाम हळू नेतो की काय? काठावरच्या मोजपट्टीवर मी विश्वास ठेवत नसे, पाण्यावरही नाही. मित्रांनो, विश्वास होता तो एकट्या तळावर. सगळे हलेल, पण तळ जागचा हलणार नाही. म्हणून त्याच्यावर आवाज आपटूनच मी नाव किती सरकली ते ठरवत असे.

एके वर्षी मोठा पूर आला. आकडा बारा हजारांवर गेला, की खालची वस्ती रिकामी करायची असे ठरलेले होते. त्या वस्तीत नावाड्याची बहीण तिच्या तीन मुलांसह राहत होती. दुपारी आम्ही नदी ओलांडली आणि मी आकडा दिला, दहा हजार आठशे. बाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला.

नावाडी मात्र पडद्याकडे बघत राहिला. तिथे नावेचा मार्ग रेघेने उमटत असे.

"बाई, ही रेघ वाकडी का? मी तर दोन्ही काठांचे खांब धरून नाव सरळ आणली."

"धारेने ढकललं असेल तुम्हाला."

"धार खाली ढकलते, बाई. ही रेघ तर वरच्या अंगाला गेलीये."

मला लगेच वास आला. बहिणीसाठी हा आकडा वाढवायला बघतो आहे, दुसरे काय! तेवढ्यात बाईंच्या साहेबांचा फोन आला. "मागच्या वर्षी उगाच लोकांना हलवलं, त्यांनी शिव्या घातल्या. या वेळी आकडा पक्का असेल तरच सांगा."

बाई नावाड्याला म्हणाल्या, "दादा, खरं सांगा. बहिणीची काळजी म्हणून बोलताय ना?"

"काळजी आहेच की. म्हणून रेघ सरळ होते का?"

 मग बाईंनी वरच्या अंगाला असलेल्या पुलाच्या कठड्यावरून दोर सोडायला लावला आणि भर धारेत नाव बांधून ठेवली. पाच मिनिटे गेली. दोर ताठ होता, नाव तसूभर हलली नव्हती. आणि मी छातीठोकपणे सांगत होतो, की आपण शंभर मीटर वर सरकलो आहोत.

मी चुकलो होतो. पुराने तळाची वाळूच वाहून चालली होती. ज्याला मी स्थिर मानले, तोच पाण्याबरोबर पळत होता, त्यामुळे नाव मला वर गेल्यासारखी वाटली आणि पाणी हळू वाटले. पाण्याच्या वेगात तळाचा वेग मिळवून बाईंनी हिशेब पुन्हा केला, तेव्हा आकडा बारा हजार सातशेवर गेला. त्यांनी साहेबांना फोन लावला. "वस्ती हलवा. शिव्या मी खाईन." नावाडी तोवर बहिणीच्या घराकडे पळत सुटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वस्तीत घरांची फक्त छपरे पाण्यावर दिसत होती. आत माणूस एकही नव्हता. मला इतकी लाज वाटली, की नावाड्याने मला उचलून पेटीत ठेवले तेव्हा त्याच्या हातांची माफी मागावीशी वाटली.

आता मी भांडारातल्या खालच्या फळीवर असतो. तबकड्यांवर चरे पडले आहेत. माझ्या जागी आलेला नवा मापक आपली जागा तळाला नाही, आकाशातल्या उपग्रहांना विचारतो. विचारो बापडा, मला तेही फारसे पटलेले नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना पुसत जा, उन्हात टाकू नका, आपटू नका. पण मोठ्या पुरात आमचा आकडा मानण्याआधी नाव पाच मिनिटे बांधून बघा. आम्हाला मुळीच राग येणार नाही. त्या दिवसाआधी मी आठ पूर मोजले होते. आठही वेळा बाईंनी माझी पाठ थोपटली, आणि एकदाही कोणी दोर बांधला नव्हता.