गालावरचा नवा तुकडा

ड्रायव्हरच्या गालातली कॅन्सरची गाठ काढली त्याला दोन दिवस झाले होते. गाठीबरोबर गालही गेला होता. ती जागा भरायला डॉक्टरांनी मांडीचा तुकडा रक्तवाहिन्यांसकट काढून तिथं बसवला आणि त्या वाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना जोडल्या. आता तुकडा जगतो की नाही, यावर सगळं अडलं होतं. नर्स तासातासाला येऊन बोटानं दाबून बघे, कागदावर खूण करे.

बायकोच्या पायाला भिंगरी लागली होती. खाट, खिडकी, दार, पुन्हा खाट. नणंद म्हणाली, बस गं जरा, तुला बघून मलाच गरगरतंय. ती टेकायची आणि लगेच उठायची. बावीस वर्षं कापडाच्या कारखान्यात ती नमुन्याशी रंग जुळवत आली होती. दुपारी तुकड्याच्या कडेला तिला जांभळट झाक दिसली.

नर्स म्हणाली, सकाळीही असंच होतं. पाळीवरच्या डॉक्टरीणबाईंना वाटलं, उजेडाचा फरक असेल. बायकोनं दिवा बंद केला, खिडकीचा पडदा पूर्ण बाजूला सारला.

"सकाळी असा नव्हता," ती म्हणाली. "मोठ्या डॉक्टरांनी परवा सुई टोचून बघितली होती, तशी बघा. माझं चुकलं तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

टोचल्याबरोबर काळपट रक्त भराभर आलं. डॉक्टरीणबाई फोनकडे धावल्या. अर्ध्या तासात त्याला पुन्हा आत नेलं.

चार तासांनी मोठे डॉक्टर बाहेर आले. शिरेत गुठळी झाली होती, ती काढली. अजून उशीर झाला असता तर तुकडा हातचा गेला असता, असं त्यांनी सांगितलं.

"आता तुकडा जगेल ना?" बायकोनं विचारलं.

"दोन दिवस तरी छातीठोकपणे नाही सांगता येणार," ते म्हणाले.

ते दोन दिवस नणंद-भावजयींनी एकमेकींवर खेकसत काढले. तुकडा जगला, एक कोपरा तेवढा कापावा लागला. काढलेल्या गाठीच्या कडा साफ असल्याचा रिपोर्ट आला, तरी महिन्याभरात किरणोपचार सुरू करायचे होतेच.

घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात नव्या गालावर केस उगवले. आरशात बघत तो बोबडं बोलला, "लोक दाढी करतात, मी मांडी करायची."

नणंद पोट धरून हसली. बायकोनं वस्तरा घेतला. त्याला तिथं काहीच कळत नव्हतं, तरी ती फार हलक्या हातानं करत राहिली.