नारिंगी खुणेची लोरीन

माझ्या नवऱ्याने, ओर्विलने, इतक्या वर्षांच्या संसारात मला कधी लाडाचं नाव ठेवलं नाही. एका माशाला मात्र ठेवलं. लोरीन.

चंदेरी कार्प हा मासा म्हणजे आमच्या इलिनॉय नदीत बाहेरून आलेली ब्याद. मालवाहू बार्जांच्या कालव्याने वर सरकत ती मिशिगन सरोवरात शिरली, की तिथल्या मासेमारीचं वाटोळंच. म्हणून सरकार आम्हा मच्छीमारांना ती उपसायला लावतं. थंडीत त्यांच्या झुंडी कुठे दडतात ते कळत नाही. त्यासाठी एका मादीच्या पोटात टकटक करणारं यंत्र शिवून, पाठीवर नारिंगी खूण लावून तिला परत सोडलं. तीच ही लोरीन. ती आपल्या गोतावळ्यात जाते आणि ओर्विल कानाला हेडफोन लावून, ती टकटक ऐकत तिच्या मागे. ती स्वतः जाळ्यात आली, तर खूण बघून सोडून द्यायची.

"लोरीन आज वळणापाशी आहे," जेवताना हा सांगणार. "थंडीत तिला खोल पाणी लागतं गं."

मला काय लागतं ते याने कधी विचारलं? नुसता जळफळाट व्हायचा माझा. एका माशावर जळते म्हणून लाजही वाटायची, पण जळायचे.

त्या दिवशी जाळी लावून आम्ही बोटीच्या पत्र्यावर बॅट बडवली, त्या आवाजाने मासे जाळ्याकडे हाकलले. मी जाळं ओढलं, तर वरच नारिंगी खूण. ओर्विल पाठमोरा, इंजिनाशी झटत होता. माझ्या हातात मासे मारायचा सोटा होता. मी तो उचलला.

तेवढ्यात ती उसळली आणि थाडकन माझ्या तोंडावर आदळली. ओठ फाटला. मी तिला दाबून धरलं. पण ती गेली तर झुंडी सापडणार कशा? नाही सापडल्या तर त्या वर सरोवरात जाणार. चार शिव्या हासडून मी तिला पाण्यात सोडलं.

"कोण होतं गं?" ओर्विलने मागे न बघताच विचारलं.

"तुझी लाडकी."

"लागलं नाही ना तिला?"

"तिला नाही."

तेव्हा कुठे तो वळला. रक्त बघून त्याचा चेहरा उतरला. पेटीतला बर्फ काढून त्याने माझ्या ओठाला लावला, दुसऱ्या हाताने हनुवटी धरली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

इतक्यात त्याच्या गळ्यातल्या हेडफोनमध्ये टकटक झाली आणि त्याची नजर पाण्याकडे गेली.

मी हेडफोन त्याच्या गळ्यातून काढून माझ्या कानाला लावला.

"तू बर्फ धर," मी म्हटलं. "ती कुठे गेली ते मी सांगेन. सांगावंसं वाटलं तर."